लीगसाठी पोराला बाहेर पाठवू का, आणि दाखल्यावरची तारीख बदलू का?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, नाव-गाव पुसलंय, फक्त कोल्हापूर तेवढं ठेवलं कारण ते लपणार नाही):

"दादा, मुलगा आठवीत आहे, जुलैत १४ पूर्ण होतील. सासरे स्वतः तालमीकडून खेळलेले (आमच्याकडं तालमींच्याच फुटबॉल टीम असतात), त्यामुळं घरात फुटबॉल आहेच. शाळेकडून सुब्रतो कपची जिल्हा फेरी खेळला, विंगला असतो, पळतो चांगला. मागच्या महिन्यात बाहेरच्या एका मोठ्या शहरातल्या ॲकॅडमीची ट्रायल होती, त्यात सिलेक्ट झाला. हॉस्टेल, शाळा, जेवण धरून वर्षाला साडेतीन लाख. ते म्हणतात आमची टीम ऑल इंडियाची अंडर-१५ लीग खेळते, तिथं स्काउट येतात, तीन-चार वर्षांत आयएसएल (देशातली वरची क्लबांची लीग), चांगला निघाला तर सतराव्या वर्षी स्पेनला पाठवतो. मिस्टर एमआयडीसीत आहेत, मी शिवणकाम करते. गावाकडचा जमिनीचा तुकडा काढायची तयारी चाललीय. पोरगं तर 'मला जाऊच द्या' म्हणून दोन दिवस नीट जेवलं नाही. दहावीचं काय ही मला काळजी. आणि एक, त्यांचे कोच म्हणाले की जन्मदाखला दीड वर्ष पुढचा करून आणा म्हणजे अंडर-१५ मध्ये जास्त सीझन मिळतील, सगळेच करतात. हे बरोबर आहे का?"

ताई, दाखल्याचं तुम्ही सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मी तिथूनच सुरू करतो, कारण जो माणूस पहिल्याच भेटीत असलं सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तिथंच ठरतं. करू नका. अजिबात नको. सगळेच करतात हे खोटं आहे, बरेच करायचे हे मात्र खरं आहे आणि म्हणूनच आता तपासणी असते. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात त्या टेस्टला, एकेक हाडाची वाढ बघून मार्क देतात आणि त्यावरून वय काढतात. पुढं अंडर-१७ ला आंतरराष्ट्रीय लेव्हलवर गेला की मनगटाचा एमआरआय, आणि त्यात ते हाड पूर्ण जुळलेलं दिसलं की विषय संपला, दाखला कुणाचा का असेना. आता ह्या टेस्ट शंभर टक्के बरोबर असतात असं नाही, लवकर वाढणारं पोरगं खऱ्या वयापेक्षा मोठं दाखवलं जातं हेही होतं, आणि त्यात एखाद्या खऱ्या पोरावर अन्याय होतोच. पण मग विचार करा, खरा दाखला असून माणूस अडकू शकतो तर दीड वर्षाचा खोटा घेऊन तुम्ही काय उत्तर देणार.

शिवाय तो सुब्रतो खेळलाय म्हणता, म्हणजे शाळेनं त्याची खरी तारीख लिहून, सही-शिक्का मारून कागद पुढं पाठवलेले आहेत. फेडरेशनची, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेची, सीआरएस म्हणून ऑनलाइन नोंदणी असते, लीग खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा त्यात आयडी निघतो आणि तो आयडी पुढं त्याच्या मागं मागं फिरतो. दोन तारखा कुठंतरी एकमेकींसमोर येणारच, कधी आधारला, कधी पासपोर्टला, आणि तेव्हा ते कोच "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतील. कागद तुमच्या सहीचा असणार, बंदी तुमच्या पोराला आणि खोटा सरकारी दाखला बनवला म्हणून केस तुमच्यावर.

माझ्याबरोबर खेळायचा एक जण, नाव नाही सांगत, दोन वर्षं कमी दाखवलेला. अंडर-१४, अंडर-१६ ला तो राजा होता, अंगावर जाऊन बॉल काढून घ्यायचा आणि पळायचा, संपलं. दोन वर्षं मोठा असल्यामुळं त्याला कधी पहिला टच सुधारावा लागलाच नाही, मान वळवून बघावं लागलं नाही, डावा पाय तर शोभेला होता. मग अठरा-एकोणीसला बाकीच्यांच्या अंगात ताकद आली आणि साहेब एका सीझनमध्ये गायब. टेस्टमध्ये नाही सापडला तो, तसाच संपला.

म्हणजे बघा, लीगचा उपयोग एकच, की आपल्या तोडीच्या किंवा आपल्यापेक्षा इंचभर सरस पोरांसमोर खरी मॅच खेळायला मिळणं, आणि ती परत परत मिळणं. तारीख बदलली की समोरचा तोडीचा राहत नाही. आणि बेंचवर बसला तर मॅचच मिळत नाही. दोन्हीत नुकसान सारखंच आहे. म्हणून तुमच्या "पाठवू का" ह्या प्रश्नाआधी मी विचारणार की तो तिथं खेळणार किती.

हे लीगचं प्रकरण जरा समजून घ्या, कारण "ऑल इंडिया लीग" म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचं स्टेडियम येतं. फेडरेशनच्या युथ लीग वेगवेगळ्या वयोगटात असतात, आधी आपल्या भागातल्या टीमशी गटात खेळायचं, मग पुढची फेरी, मग फायनल राउंड. गटातच बाहेर पडलात तर मोजक्या मॅचमध्ये तुमचं वर्ष संपलं. आता त्या मोजक्या मॅचमध्ये एका ॲकॅडमीची पंचवीस पोरं वाटून घ्यायची, आणि हॉस्टेलला फी भरणारी पोरं कितीतरी जास्त असतात, पंचवीसच्या यादीत नाव यायचीसुद्धा मारामार. साडेतीन लाख भरून पोरगं वर्षात दोनशे मिनिटं खेळलं असं मी पाहिलंय. हिशोब करून बघा मिनिटाला किती पडले, मला तर करवत नाही.

वरच्या टोकाला रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे, ती २१ वर्षांखालच्यांची म्हणून सुरू झाली, आयएसएल क्लबांच्या राखीव टीम आणि ॲकॅडम्या तीत येतात. २०२२ ला पहिल्यांदा गोव्यात झाली तेव्हा फक्त आठ टीम होत्या, बेंगळुरू जिंकली, केरला ब्लास्टर्स दुसरी, आणि दोन्ही टीम मग इंग्लंडला नेक्स्ट जेन कप खेळायला गेल्या. त्यातनं पोरं वर आली का, तर आली. तमिळनाडूचा शिवशक्ती नारायणन त्या बेंगळुरूच्या टीममध्ये गोल मारत होता आणि पुढच्याच आयएसएलला, २०२२-२३ ला, उदयोन्मुख खेळाडूचं बक्षीस घेऊन गेला. ब्लास्टर्सचा विबिन मोहनन पण त्याच वाटेनं. म्हणजे शिडी आहे, खोटं नाही. पण ही पोरं क्लबच्या टीममधली होती, ज्या क्लबला त्यांना वर घ्यायचंच होतं. फी भरून आलेलं पोरगं आणि क्लबनं वर आणायला घेतलेलं पोरगं, एकाच लीगमध्ये खेळताना दिसली तरी त्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

आणि आकडा छोटा आहे हो. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये १३ क्लब होते, मैदानावर एका टीमचे जास्तीत जास्त ४ परदेशी, म्हणजे उरले ७. सात तेरे एक्क्याण्णव. अख्ख्या देशातून सुरुवातीच्या अकरात हमखास जागा ९१, आणि त्यावर आत्ता जे बसलेत ते काही तुमचा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत उठून जाणार नाहीत. "तीन-चार वर्षांत आयएसएल" हे जो लेखी देईल त्याला माझ्याकडं पाठवा.

आता आपल्याच अनिकेत जाधवचं बघा, कोल्हापूरचा म्हणून तुमच्या घरी रोज नाव निघत असणार. लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीला गेला, म्हणजे सरकारी निवासी केंद्र, तिथं निवड झाली की फी नसते. तिथून पुण्यातली क्लबची ॲकॅडमी, तिथून २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप, जो भारतातच झाला. दिल्लीत आपल्या तिन्ही मॅच हरलो, अमेरिका, कोलंबिया, घाना. लोकांना तेवढंच आठवतं. मला त्याच्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. फेडरेशननं ती टीम फोडली नाही, त्यात थोडी मोठी पोरं मिसळून इंडियन ॲरोज नावानं थेट आय-लीग ह्या देशपातळीवरच्या लीगमध्ये, मोठ्या बाप्यांसमोर उतरवली. पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला ३-० हरवलं, अनिकेतचे दोन गोल. आणि मग सीझनभर मार खाल्ला, टेबलात शेवटी राहिले. पण शेवटी राहिले तरी खालच्या लीगमध्ये ढकलायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं, कारण जिंकायला नव्हतेच पाठवले, मॅच खेळायला पाठवलेले. त्या पोरांतनं किती जण पुढं आयएसएलला आणि इंडियाला खेळले बघा, अनिकेत तर आहेच, जीकसन सिंग, सुरेश वांगजम. २०२२ ला फेडरेशननं ती टीम बंद केली, त्याऐवजी युथ लीग मोठी करू म्हणाले. मला अजून पटलेलं नाही ते, पण ते जाऊ दे, तुमचा विषय नाही.

तुमच्या विषयाचं हे की अनिकेत ज्या वाटेनं गेला त्या वाटेत फीसाठी जमीन विकायला लागत नाही. ही वाट आधी धुंडाळा. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचण्या कधी, कुठल्या वयाला, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नको, जाऊनच. नवी मुंबईत रिलायन्सची यंग चॅम्प्स ॲकॅडमी आहे, २०१५ पासून, पूर्ण स्कॉलरशिप, पण ते लहान वयात घेतात, तुमच्या मुलाला कदाचित उशीर झालाय, विचारायला पैसे पडत नाहीत. जमशेदपूरला टाटाची ॲकॅडमी १९८७ पासून आहे, गोव्यात सेसाची. ह्यांच्या ट्रायलला गर्दी मरणाची असते, निवड नाही झाली तर पोरगं चार दिवस रडेल. रडू दे. जिथं तुमचे पैसे लागतात तिथली निवड आणि जिथं त्यांचे पैसे लागतात तिथली निवड ह्यात फरक आहे, तुमच्या त्या ट्रायलला किती पोरं आली आणि किती सिलेक्ट झाली हे विचारलंत का? मला शंका आहे की ज्यांच्या आईबापांनी पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला ते सगळेच झाले.

जमिनीबद्दल मी जास्त बोलू नये, तुमचा घरचा मामला. पण तीन वर्षांचे साडेदहा लाख, बूट, प्रवास, स्पर्धेची वेगळी फी धरली नाही तर. आणि हा धंदा किती हलणारा आहे ते पुण्यात बसून मी बघितलंय. पुणे एफसी गेलं, भारत एफसी तर एका सीझनमध्येच, डीएसके शिवाजियन्स गेलं, २०१९ ला एफसी पुणे सिटी गेलं आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं, आणि २०२५ ला ते हैदराबाद पण उठून दिल्लीचं झालं. त्याच २०२५ च्या जुलैत कराराच्या भांडणात अख्खी आयएसएलच थांबवून ठेवली होती आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले होते. ह्या प्रत्येक बंद पडलेल्या क्लबच्या मागं कुठंतरी अंडर-१५, अंडर-१८ ची पोरं होती, बॅग भरून घरी आली. माझ्या हाताखालची चार होती तसली, त्यातला एक आता जिममध्ये ट्रेनर आहे, दोघं रेल्वेच्या भरतीला बसतायत. म्हणून दहावी. दहावी सोडायची नाही ह्यावर चर्चा नको, आणि "आमच्याकडं शाळेचं टायअप आहे" म्हणजे नुसतं नाव पटावर आणि परीक्षेला बसायचं की खरंच वर्ग भरतो, ते तिथल्या एखाद्या दहावीच्या पोराची वही बघून कळतं. वही मागा. खरंच मागा.

स्पेनचं मात्र मला वाचून हसू आलं आणि मग राग. फिफाचा नियमच आहे की १८ च्या आत खेळाडूला दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये ट्रान्सफर करता येत नाही. अपवाद आहेत, आईबापच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले, किंवा युरोपातल्या युरोपात सोळाच्या पुढं, किंवा अगदी सीमेला लागून घर असेल तर. कोल्हापूर ह्यात कुठं बसतं सांगा. सतराव्या वर्षी स्पेनला पाठवतो म्हणजे फार तर पंधरा दिवसाची ट्रेनिंग ट्रिप, जर्सी घालून फोटो, त्याचे वेगळे पैसे. फोटो छान येतात, नाही म्हणत नाही. आणि सही करायच्या कागदात "पाच वर्षं आमच्याकडंच" असं काही असेल तर तेही बघा, १८ च्या आतल्या खेळाडूचा प्रोफेशनल करार तीन वर्षांपेक्षा मोठा नसतो. ॲकॅडमीचा फॉर्म म्हणजे तसला करार नव्हे हे खरं, पण मधेच सोडायचं झालं तर एनओसी आणि रिलीज कोण देणार, फीचे किती परत, हे कागदावर नसेल तर नंतर दोन-दोन महिने फोन उचलत नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, एका पोराचा अख्खा सीझन गेला त्यात.

मग इथं कोल्हापुरातच ठेवू का, असं तुम्ही विचारणार. इथंही सगळं गोड नाही. शाहू स्टेडियमवर पीटीएम-दिलबहार ह्या दोन तालमींची मॅच असली की जी गर्दी होते ती देशात फार कमी ठिकाणी होत असेल, मी स्वतः मंगळवार पेठेतला आहे, ते अंगात असतं. पण त्याच कारणानं सोळा वर्षांचं चांगलं पोरगं दिसलं की तालीम त्याला थेट वरच्या टीममध्ये ओढते, समोर तीस वर्षांचा डिफेंडर, घोटा गेला की कोण विचारत नाही. पंधराला पेठेचा हिरो, विशीत गुडघ्याला पट्टा, असे किती सांगू. तिथं त्याचे आबा उपयोगी पडतील, त्यांचं वजन असणार, त्यांनी सांगावं की आमचा नातू अजून दोन वर्षं वयोगटाच्याच मॅच खेळणार. शाळा, जिल्हा, स्थानिक क्लबची वयोगटाची टीम, उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या एक-दोन चांगल्या स्पर्धा. आणि त्याची सीआरएस नोंदणी इथल्या क्लबकडून खऱ्या तारखेनं करून घ्या. उद्या खरंच मोठा झाला आणि परदेशी ट्रान्सफर झाली तर १२ ते २३ वयात ज्या ज्या क्लबनं वाढवलं त्यांना त्या रकमेतल्या पाच टक्क्यांतला वाटा जातो, तुमच्या गल्लीतल्या क्लबचं नाव त्या यादीत लागलं तर काय मजा येईल! (स्वप्नच बघायचं तर हे बघा, ह्याला साडेतीन लाख लागत नाहीत.)

तरीसुद्धा पोरगं ऐकत नसेल आणि ॲकॅडमी खरंच चांगली असेल, असू शकते, मी त्यांना ओळखत नाही, तर त्यांना आज संध्याकाळी एक मेसेज टाका. जास्त गोड लिहू नका. मागच्या सीझनला तुमची अंडर-१५ टीम लीगमध्ये एकूण किती मॅच खेळली. हॉस्टेलवर त्या वयाची पोरं किती आणि त्यातल्या किती जणांनी पाचशेच्या वर मिनिटं खेळली. माझ्या मुलाच्या जागेवर, विंगला, सध्या कितीजण आहेत. जो शिकवणार त्या कोचचं लायसन्स कुठलं. फेडरेशनची ॲकॅडमी मान्यता ह्या वर्षाची आहे का. मुलाला लागलं तर फिजिओ जागेवर की दवाखान्यात. आणि जन्मदाखला आहे तोच देणार, चालेल का.

शेवटचा प्रश्न टाळू नका, त्याच्यावरच त्यांचा सूर कळेल. आकडे आले तर जाऊन या, एक दिवस नाही, दोन दिवस राहा, सकाळचं सेशन बघा, मेसमध्ये पोरांबरोबर जेवा, बेंचवर बसणाऱ्या एखाद्याच्या आईचा नंबर घ्या. स्टार खेळाडूच्या आईचा ते स्वतःहून देतील, तो नको. आणि उत्तरात नुसतं "मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, सीट फुल होत आल्यात" आलं तर मग जमिनीचा विषय बंद करून त्या रात्री पोराला आवडतं ते करून घाला.

त्याच्याशी बोलताना "नाही पाठवणार" असं म्हणू नका, चौदाव्या वर्षी त्याचा अर्थ "तू चांगला खेळत नाहीस" असा निघतो. जेवायला बसलात की आबांना विचारा, त्याच्यासमोरच, की तुम्हाला तालमीनं पहिल्या टीममध्ये कितव्या वर्षी घेतलं आणि त्याच्याआधी किती सीझन बाहेर बसून दुसऱ्यांचे बूट सांभाळले. ते सांगायला लागले की मधे बोलू नका.